फोन वर, ॲम्प खाली: घरच्या साउंडमधलं लेव्हलचं गणित

हा भाग कानांनी न ऐकता डोळ्यांनी वाचणाऱ्यांसाठी: नेहमीप्रमाणे बोललेलंच उतरवून काढलंय, थोडे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ गाळून. एपिसोडमध्ये जिथे मी आवाज वाजवून दाखवलेत, तिथे कंसात नोंद आहे.

तर, गेल्या काही दिवसांत तुमच्याकडून तीन तक्रारी आल्या. पहिली अशी. घरात बाबांचा जुना ॲम्प्लिफायर आहे, त्याला फोन ऑक्स केबलने जोडला. गाणं वाजतं, पण मागे सतत शूऽऽऽ. दुकानदार म्हणाला, ॲम्प गेला, नवीन घ्या. दुसरी तक्रार नव्या टर्नटेबलची. रेकॉर्ड लावली की आवाज घुमतो आणि फाटतो. आणि तिसरी: फोनवर गाणी ऐकून झाली, टीव्हीवर मॅच लावायला इनपुट बदललं, तर कॉमेंटेटर एवढ्या जोरात ओरडला की शेजारच्या काकूंनी दार वाजवलं.

या तिघांपैकी कुणाचंही काहीही बिघडलेलं नाही. तिघांनाही नवीन वस्तू घ्यायची गरज नाही, निदान अजून तरी नाही. त्यांच्या साखळीत एक वस्तू दुसऱ्या वस्तूला जेवढा सिग्नल देते, तेवढ्याची त्या दुसरीला अपेक्षाच नाही. कुठे फार कमी, कुठे फार जास्त. याला लेव्हल जुळवणं किंवा गेन जुळवणं म्हणतात. फुकटात होतं हे, आणि तरी लोक आधी दहा हजारांचा डॅक घेतात आणि मग यूट्यूबवर शोधतात की अजून शूऽऽ का येतंय.

आधी एक कल्पना करा. दादर स्टेशन, संध्याकाळचे सात. मित्र तुमच्या फोनमध्ये व्हॉइस नोट रेकॉर्ड करतोय, पण कुजबुजत. घरी येऊन ऐकता तर काही कळत नाही, म्हणून व्हॉल्यूम वाढवता. मित्राचा आवाज वाढतो, हो, पण त्याच्याबरोबर अनाउन्समेंट, लोकलचा खडखडाट, सगळं तेवढंच वाढतं. आता तोच मित्र नीट मोठ्याने बोलला असता, तर घरी व्हॉल्यूम कमी ठेवून भागलं असतं आणि गोंगाटही कमी झाला असता. आणि तोच मित्र माइक तोंडात धरून किंचाळला असता, तर आवाज फाटला असता. फाटलेला आवाज नंतर कितीही कमी केलात तरी फाटलेलाच राहतो.

बस. गेन जुळवणं म्हणजे एवढंच: सिग्नल सुरुवातीलाच दणदणीत घ्यायचा, पण फाटेपर्यंत नाही. आणि कमी करायचा तो शेवटी.

[इथे ऑडिओत एकच तुकडा दोनदा वाजवलाय. पहिल्यांदा फोन अर्ध्यावर आणि ॲम्प चढवलेला, दुसऱ्यांदा फोन वर आणि ॲम्प उतरवलेला. गाण्याचा आवाज दोन्ही वेळा सारखाच आहे. गाणं थांबल्यावर मागे काय उरतं, ते ऐका.]

थोडे आकडे, घाबरू नका

सिग्नल म्हणजे केबलमधून जाणारं व्होल्टेज. कुठली वस्तू किती व्होल्ट देते, ते एकदा डोक्यात बसलं की अर्धी लढाई जिंकली.

सीडी प्लेयर आणि घरगुती डॅक जास्तीत जास्त साधारण २ व्होल्ट देतात. फोनचा हेडफोन जॅक किंवा टाइप-सी डोंगल अर्धा ते १ व्होल्ट. आणि टर्नटेबलची सुई? तिच्या कार्ट्रिजमधून ३ ते ५ मिलिव्होल्ट निघतात. मिली, बरं का. म्हणजे सीडी प्लेयरच्या तुलनेत चारशेपट कमी. मूव्हिंग कॉइल नावाचा महागडा प्रकार तर अर्ध्या मिलिव्होल्टच्याही खाली जातो.

दुसऱ्या बाजूला ॲम्प. त्याच्या माहितीपुस्तिकेत ‘इनपुट सेन्सिटिव्हिटी’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. ते वाचून पुढे जाऊ नका, कारण तोच आकडा कामाचा आहे. बऱ्याच इंटिग्रेटेड ॲम्पमध्ये ऑक्ससाठी तो २०० मिलिव्होल्टच्या आसपास असतो. अर्थ असा की नॉब पूर्ण उघडला असताना आत फक्त ०.२ व्होल्ट आले, तरी ॲम्प आपली पूर्ण ताकद लावतो.

एक उदाहरण घेऊ, सोप्या आकड्यांचं. ॲम्प ५० वॉटचा, स्पीकर ८ ओहमचा. ८ ओहममध्ये ५० वॉट म्हणजे २० व्होल्ट. आत ०.२, बाहेर २०. म्हणजे हा ॲम्प सिग्नल शंभरपट करतो. आता त्याला २ व्होल्टचा सीडी प्लेयर लावा आणि नॉब पूर्ण उघडा. गणित म्हणतं २०० व्होल्ट. ॲम्पकडे आहेत २०. उरलेले कुठून आणणार तो? लाटेचं डोकं छाटून टाकतो. यालाच क्लिपिंग म्हणतात, आणि आपण म्हणतो ‘आवाज फाटला’.

आता गंमत नॉबची. बहुतेकांना वाटतं की नॉब मध्यावर म्हणजे अर्धी ताकद, अजून निम्मी शिल्लक आहे. चूक! व्हॉल्यूमचा नॉब कानाच्या हिशोबाने बनवलेला असतो, सरळ पट्टीसारखा नाही. बऱ्याच नॉबमध्ये मध्यावर, म्हणजे घड्याळातल्या १२ च्या जागी, सिग्नल सुमारे एक दशांश होऊन पुढे जातो. मग आपल्या उदाहरणात २ व्होल्टचे झाले ०.२, आणि तेवढ्यात ॲम्प फुल्ल! नॉब १२ वर आणि ॲम्पचे बारा वाजले. पुढचा सगळा फेरा निव्वळ फाडण्यासाठी.

त्याच नॉबवर फोन लावा, अर्ध्या व्होल्टचा. १२ वर आता स्पीकरला ५ व्होल्ट मिळतात, म्हणजे जेमतेम ३ वॉट. ॲम्प तोच, नॉब तिथेच, आणि ताकद सोळाव्या हिश्श्यावर. म्हणून मग लोक म्हणतात, ‘ॲम्पमध्ये दम नाही’. दम आहे हो. फोनकडून त्याला कमी मिळतंय एवढंच. फोन लावल्यावर नॉब १ किंवा २ पर्यंत न्यावा लागला तर ते अगदी नॉर्मल आहे.

आणि आता तिसरी तक्रार तुम्हालाच उलगडली असेल. फोनसाठी नॉब वर नेला, मग इनपुट बदलून टीव्ही किंवा सेट-टॉप बॉक्स लावला, आणि त्याची लेव्हल चौपट निघाली. व्होल्टेज चौपट म्हणजे वॉट सोळापट. शेजारच्या काकू तर येणारच, पण जास्त धोका ट्वीटरला आहे.

इथे डेसिबल आणतो, एका मिनिटासाठी. व्होल्टेज दुप्पट झालं की ६ डेसिबल वाढ. दहापट झालं की २०. सोय अशी की डेसिबलमध्ये गुणाकार करावा लागत नाही, नुसती बेरीज-वजाबाकी. फोन सीडीपेक्षा १२ डेसिबल खाली आहे, ॲम्प ४० डेसिबल वाढवतो, नॉब २० कापतो. किराण्याच्या बिलासारखं ओळीने मांडायचं. आणि कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, हेही लक्षात असू द्या.

फोनचा व्हॉल्यूम कुठे ठेवायचा

आता पहिला प्रश्नकर्ता, बाबांच्या ॲम्पवाला. त्याला मी विचारलं, फोनचा व्हॉल्यूम किती असतो? म्हणाला, अर्ध्याच्या थोडा खाली. का? कारण त्याच्यावर नेला की फोन इशारा देतो, जास्त आवाजाने कानांना इजा होऊ शकते म्हणून. आणि तो बिचारा आज्ञाधारक.

फोनला वाटतं तुम्ही इअरफोन लावलेत. इअरफोन असतील तर तो इशारा शंभर टक्के ऐका. पण पिन जर ॲम्पच्या ऑक्समध्ये जात असेल तर तिथे कान नाहीत, पुढची वस्तू आहे. आवाज किती व्हायचा ते ॲम्पचा नॉब ठरवणार. तिथे तो इशारा ओके करून पुढे जायचं. फक्त एक शिस्त: परत इअरफोन लावण्याआधी व्हॉल्यूम खाली. ही सवय हाताला लावूनच घ्या.

तर पद्धत अशी. ॲम्पचा नॉब शून्यावर. फोनमधलं इक्वलायझर, बेस बूस्ट, ‘थ्रीडी सराउंड’ वगैरे सगळे मसाले बंद. फोनचा व्हॉल्यूम वर, पूर्ण. मग तुमच्या प्लेलिस्टमधलं सगळ्यात दणदणीत गाणं लावा. ख्यालाची सुरुवात किंवा हळुवार भावगीत लावून लेव्हल ठरवू नका. नंतर ढोलताशाचा ट्रॅक आला की कळेल. गाणं चालू ठेवून ॲम्प हळूहळू वाढवा, तुम्हाला बरं वाटेल तिथपर्यंत.

आता ॲम्प कमी असतानाच गाणं फाटत असेल, तर फाटणं ॲम्पच्या आधी होतंय. एक तर फोनच पूर्ण व्हॉल्यूमला फाडतोय, काही फोन फाडतात. किंवा ॲम्पचं इनपुटच एवढं घेऊ शकत नाही. व्हॉल्यूमचा नॉब अगदी दारात असेल तर जास्त सिग्नल आला तरी तो तिथेच कापतो. पण काही स्वस्त सेटमध्ये आणि सभा-समारंभाच्या पीए ॲम्पमध्ये नॉबच्या आधी एक छोटा वाढवणारा टप्पा असतो. तो टप्पा फाटला तर नॉब कमी करून काही उपयोग नाही. अशा वेळी फोन दोन-तीन पायऱ्या खाली आणा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये मीडिया व्हॉल्यूमच्या १५ पायऱ्या असतात; १२-१३ वर फाटणं थांबतं. पीए ॲम्प असेल तर पिन माइकच्या भोकात नाही ना, तेही बघा. माइक इनपुट मिलिव्होल्टसाठी असतं. गणपतीत कितीतरी मंडळांचा फोन तिथेच खुपसलेला असतो, असो.

जमलं की गाणं थांबवा आणि ट्वीटरजवळ कान न्या. शूऽऽ आहे? ॲम्पचा नॉब थोडा फिरवा. शूऽऽ नॉबबरोबर कमी-जास्त होत असेल, तर तो नॉबच्या आधीच्या कुठल्यातरी कडीतून येतोय आणि लेव्हल जुळवून तो कमी होऊ शकतो. नॉब कितीही फिरवला तरी तेवढाच राहत असेल, तर तो ॲम्पच्या पॉवरवाल्या भागाचा स्वतःचा आहे. त्याला लेव्हलने फरक पडत नाही. एक फूट लांब जाऊन ऐकू येत नसेल तर सोडून द्या. आणि नॉब फिरवतानाच खर्र खर्र होत असेल तर ती नॉबमधली धूळ. काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे मिळतो, ॲम्पचा प्लग काढून, आत मारायचा. त्या ‘ॲम्प गेला’च्या निदानातले बरेच रुग्ण इथेच बरे होतात.

त्या मुलाचा शूऽऽ गेला? पूर्ण नाही. बसल्या जागेवरून ऐकू येईना, एवढा मात्र गेला. नॉब ४ वरून ११ वर आला. जुना ॲम्प आहे, तेवढं चालायचंच.

नॉबची ती जागा सापडली की तिथे खूण करा. मी टिकली लावतो. हसू नका, अंधारातही बोटाला लागते. टीव्हीसाठी वेगळी टिकली, वेगळ्या रंगाची. काही ॲम्पमध्ये प्रत्येक इनपुटची लेव्हल वेगळी कमी-जास्त करता येते, मेनूत ‘इनपुट ट्रिम’ किंवा ‘सोर्स लेव्हल’ शोधा. ते असेल तर टिकल्यांची गरज नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्येही ऑडिओ आउट ‘फिक्स्ड’ की ‘व्हेरिएबल’ असं असतं. व्हेरिएबल असेल तर टीव्हीचा रिमोटही लेव्हल बदलतो, आणि मग घरातल्या दोन माणसांनी दोन रिमोट वापरले की कुठली टिकली आणि कुठलं काय.

ब्लूटूथवाल्यांनो, तुमच्याकडेही दोन व्हॉल्यूम असतात: फोनचा आणि स्पीकरचा. हल्ली बहुतेक वेळा ते एकमेकांना बांधलेले असतात, फोनवर बटण दाबलं की स्पीकरचाच व्हॉल्यूम हलतो. तसं असेल तर काहीच करू नका. पण जुन्या ॲम्पला लावायचा तो छोटासा ब्लूटूथ रिसीव्हर असेल आणि फोन त्याचा व्हॉल्यूम हलवू शकत नसेल, तर फोन पाठवण्याआधीच सिग्नल बारीक करतो. १६ बिट ऑडिओत साधारण ९६ डेसिबलची जागा असते आणि दर ६ डेसिबल कमी केले की एक बिट गेला. खरं सांगायचं तर दहा-बारा डेसिबल कमी केल्याने कुणाच्या कानाला फरक कळत नाही, इंटरनेटवर त्याचं उगाच फार भांडवल होतं. पण फोन एकदम खाली आणि ॲम्प एकदम वर, असं ठेवलंत तर कळतो. अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘डिसेबल ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम’ असं एक बटण असतं. दोन्ही व्हॉल्यूम विचित्र वागत असतील, पहिल्याच पायरीला कानठळ्या बसत असतील, तर ते एकदा चालू-बंद करून बघा.

आणि इक्वलायझर. मघाशी बंद करायला सांगितलं ते कायमचं नाही. पण आजकालची गाणी डिजिटल छतापर्यंत भरलेली असतात. त्यात तुम्ही बेस ६ डेसिबल वाढवला तर तो छताच्या वर जाणार कुठे? फोनच्या आतच छाटला जातो. म्हणून इक्वलायझरमध्ये ‘प्रीॲम्प’ नावाची पट्टी असते, ती तेवढीच खाली आणा. बेस ६ वर, प्रीॲम्प ६ खाली. आवाज कमी वाटेल, तो ॲम्पवरून भरून काढा. तसंच, गाण्या-गाण्यांतल्या उड्या कमी करायच्या असतील तर ॲपमधलं व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन चालू ठेवा. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला गाणी सुमारे उणे १४ एलयूएफएस या पातळीवर आणतं. त्याने क्वालिटी मरते अशी जी कुजबूज आहे, तिच्यात मला तरी दम दिसत नाही.

सुईचं प्रकरण वेगळं आहे

आता टर्नटेबल. हा माझा आवडता भाग, कारण इथे सगळ्यात जास्त घोळ होतात.

रेकॉर्ड कापताना, म्हणजे तबकडीवर खाच पाडताना, खालचे सूर मुद्दाम दाबतात आणि वरचे सूर उचलतात. बेस आहे तसा कापला तर खाच एवढी रुंद होईल की एका बाजूवर गाणीच मावणार नाहीत. आणि वरचे सूर मोठे कापले की वाजवताना ते परत कमी करता येतात, त्यांच्याबरोबर सुईची खसखसही कमी होते. किती दाबायचं, किती उचलायचं याचं प्रमाण १९५४ मध्ये अमेरिकेच्या रेकॉर्ड उद्योगाच्या संघटनेने ठरवलं, त्याला आरआयएए कर्व्ह म्हणतात. मधल्या सुरांच्या तुलनेत अगदी खालचे सूर सुमारे २० डेसिबल खाली, अगदी वरचे सुमारे २० डेसिबल वर.

म्हणून फोनो प्रीॲम्पला दोन कामं असतात. एक, सुईचे मिलिव्होल्ट साधारण शंभरपट वाढवून ऑक्सच्या पातळीला आणायचे. दोन, तो कर्व्ह उलटा लावून सूर जागेवर आणायचे. ॲम्पच्या मागे ‘फोनो’ लिहिलेलं भोक असतं ना, त्याच्या आत हे सगळं बसवलेलं असतं. बाहेरून ते ऑक्ससारखंच लाल-पांढरं दिसतं, आणि तिथेच फसगत होते.

तीन प्रकारे चुकतं. टर्नटेबल थेट ऑक्सला लावलं तर आवाज अगदी बारीक आणि पत्र्यासारखा, बेस नाहीच. फोन किंवा सीडी प्लेयर फोनोत लावला तर उलटं: आधीच मोठा असलेला सिग्नल शंभरपट, भयानक घुमणारा आणि फाटलेला. आणि तिसरा, आपल्या दुसऱ्या प्रश्नकर्त्याचा. हल्लीच्या बऱ्याच टर्नटेबलमध्ये फोनो प्रीॲम्प आतच असतो, मागे ‘फोनो / लाइन’ असा बारीक स्विच असतो. त्याचा स्विच ‘लाइन’वर आणि केबल ॲम्पच्या ‘फोनो’त. म्हणजे प्रीॲम्प दोनदा, कर्व्हही दोनदा. बेस दोनदा उचलला गेला, म्हणून घुमतंय; सिग्नल क्षमतेबाहेर गेला, म्हणून फाटतंय. इलाज दहा सेकंदांचा: स्विच ‘फोनो’ करा, किंवा केबल ऑक्सला लावा. दोन्हीपैकी एकच.

[इथे ऑडिओत तिन्ही चुकीचे आवाज आणि शेवटी बरोबरचा वाजवलाय. तुमच्या घरचा कुठला, ते ओळखा.]

आजी-आजोबांच्या घरी सुटकेससारखा जुना रेकॉर्ड प्लेयर असेल तर थांबा. अशा कित्येक प्लेयरमध्ये क्रिस्टल किंवा सिरॅमिक कार्ट्रिज असतं. ते मिलिव्होल्टमध्ये नाही, अर्ध्या व्होल्टच्या आसपास देतं. त्याला फोनो प्रीॲम्प लावाल तर पस्तावाल. त्याची सुई जड चालते, त्यामुळे नव्या महाग रेकॉर्ड त्यावर वाजवू नका, पण तो विषय वेगळा.

छोटा ॲम्प, मोठा ॲम्प

लोक विचारतात, २० वॉटच्या ॲम्पने १०० वॉटचा स्पीकर कसा काय जळेल? जळतो. ॲम्प क्लिप व्हायला लागला की लाटेची डोकी सपाट होतात, सरासरी ताकद वाढते आणि मूळ गाण्यात नसलेले वरचे सूर तयार होतात. ते सगळे ट्वीटरकडे जातात. स्पीकरवरचे १०० वॉट हे सगळ्या डब्याचे आहेत. ट्वीटरची ती केसासारखी बारीक कॉइल सतत फक्त थोडेच वॉट सहन करते. गरम होते आणि तुटते. त्यामुळे पार्टीत आवाज कर्कश व्हायला लागला की तो ‘अजून थोडं वाढव’चा सिग्नल नाही. दोन पायऱ्या खाली या. कर्कशपणा गेला की लोकांना तो आवाज जास्त मोठा वाटतो, करून बघा.

घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी दोन वाक्यं. तुमच्या ॲक्टिव्ह स्पीकरच्या मागे कदाचित ‘+४ / −१०’ असा स्विच असेल. पहिलं स्टुडिओवाल्यांचं माप, सुमारे १.२३ व्होल्ट, दुसरं घरगुती, सुमारे ०.३२ व्होल्ट. फरक जवळपास १२ डेसिबल. ऑडिओ इंटरफेसमधून बॅलन्स्ड केबल जात असेल तर साधारणपणे ‘+४’, फोन किंवा टीव्ही लावला असेल तर ‘−१०’. स्पीकरच्या मागचा गेन पूर्ण चढवून इंटरफेसचा नॉब ८ वर अडकवून ठेवू नका. रोजच्या ऐकण्याला इंटरफेसचा नॉब मध्याच्या आसपास येईल इतका मागचा गेन उतरवा. हिस लगेच कमी होईल. इअरफोनच्या डोंगलवर ‘लो / हाय गेन’ असेल तर तेच तत्त्व: इन-इअर असतील तर लो. हाय म्हणजे चांगला नव्हे, फक्त जास्त.

आता तुलनेबद्दल, कारण इथे तुमचे पैसे जातात. दोन ॲम्प किंवा दोन डॅक शेजारी ठेवून ऐकताना, जो जरासा मोठा वाजतो तो कानाला ‘भरीव’, ‘क्लिअर’, ‘ओपन’ वाटतो. एक डेसिबलसुद्धा पुरतो, आणि एवढा फरक आपल्याला ‘मोठा आवाज’ म्हणून जाणवतही नाही, क्वालिटी म्हणूनच जाणवतो. शिवाय आवाज वाढला की बेस जास्त ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी बेल लॅब्जमध्ये १९३३ सालीच हे मोजून ठेवलंय. एका डॅकचं आउटपुट २ व्होल्ट आणि दुसऱ्याचं अडीच, तर दुसरा जवळजवळ २ डेसिबल मोठा वाजणार आणि शोरूममध्ये जिंकणार. ‘नवीन डॅकने पडदाच दूर झाला’ असे जे रिव्ह्यू तुम्ही वाचता, त्यातल्या कितींनी आधी लेव्हल जुळवली होती, हा प्रश्न कमेंटमध्ये जरूर विचारा.

जुळवायची कशी? फोनवर साउंड मीटरचं ॲप घ्या, फोन एका जागी टेकवून ठेवा, पिंक नॉइज वाजवा आणि दोन्ही वस्तूंना आकडा सारखा येईपर्यंत नॉब हलवा. ॲपचा आकडा खरा असेलच असं नाही, पण आपल्याला खरा आकडा नकोय, सारखा आकडा हवाय. अजून नीट करायचं तर ५० हर्ट्झचा टोन हळू वाजवून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टीमीटरने एसी व्होल्टेज मोजा. ५० हर्ट्झ अशासाठी की स्वस्त मीटर आपल्या घरच्या विजेच्या फ्रिक्वेन्सीलाच बरं मोजतात. वायरमनकडचा तो पिवळा मीटर मात्र चालणार नाही. त्याची एसीची सगळ्यात छोटी रेंज २०० व्होल्टची असते, त्यावर १ व्होल्ट नीट दिसत नाही. २ व्होल्टची एसी रेंज असलेला हवा. आणि टर्मिनलवर मोजताना मीटरच्या दोन टोकांचा एकमेकांना स्पर्श होऊ देऊ नका, नाहीतर लेव्हल जुळायच्या आधी ॲम्पच जायचा.

फोन चार्जिंगला लावला की घूंऽऽ येतं, त्याबद्दलही बरेच मेसेज आहेत. ते लेव्हलचं नाही, ग्राउंडचं आहे. सिग्नल मोठा ठेवलात तर थोडं झाकलं जातं, जात नाही. तोपर्यंत चार्जर काढून ऐका; ग्राउंड लूपवर पुढच्या भागात बोलू. आणि हो, टिकल्या लावलेल्या ॲम्पचे फोटो पाठवा.